भाडेकरूची पडताळणी : आधारची झेरॉक्स पुरेशी का नाही?

पुणे : मुलामुलींसाठी स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करणारी कुटुंबे आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेली सदनिका भाड्याने देताना मात्र बहुधा दोनच गोष्टींवर समाधान मानतात : आधार कार्डाची झेरॉक्स आणि “माहितीतले आहेत, काळजी नको” हे दलालाचे आश्वासन. करार होतो, किल्ल्या दिल्या जातात आणि पोलीस ठाण्यात माहिती दिल्याची पोच फाइलमध्ये लागते. भाडेकरू याआधी जेथे राहत होता तेथे त्याने भाडे वेळेवर दिले का, घर नीट ठेवले का आणि ठरल्या दिवशी सोडले का, हे प्रश्न बहुतेक वेळा कोणीच कोणाला विचारत नाही.

कागदपत्रे माणसाची ओळख पटवितात. भाडेकरू म्हणून त्याची वर्तणूक कशी होती, हे पूर्वीचा घरमालकच सांगू शकतो. ही साधी चौकशी कशी करावी, कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणते विचारू नयेत, याविषयीचा हा आढावा.

नेमके पणाला काय लागते?

एक साधे गणित पाहता येईल. दरमहा २०,००० रुपये भाडे आणि तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ६०,००० रुपये अनामत रक्कम ठरली आहे. भाडे येणे थांबले तर तीन महिन्यांत अनामत संपते. त्यानंतर जागा प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंतचा प्रत्येक महिना मालकाच्या खिशातून जातो. गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर थांबत नाहीत. निवृत्तिवेतन नसलेल्या आणि भाड्याच्या उत्पन्नावरच घर चालविणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी ही केवळ गैरसोय राहत नाही.

दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षे नियमित भाडे भरणाऱ्या माणसालाही नव्या शहरात केवळ आडनाव, आहार किंवा अविवाहित असणे यावरून नकार ऐकावा लागतो. मागील वर्तणुकीची चौकशी होत नसल्यामुळे तिची जागा अंदाज आणि पूर्वग्रह घेतात. योग्य चौकशी झाली तर ती मालकाइतकीच प्रामाणिक भाडेकरूच्याही हिताची ठरते.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आता घरबसल्या, आधारशी जोडलेल्या अंगठ्याच्या ठशाने होऊ शकते. नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद, इंदूर किंवा दिल्लीत राहणाऱ्या आणि पुण्या-ठाण्यात सदनिका असलेल्या मराठी कुटुंबांची त्यामुळे मोठी सोय झाली. मात्र याच सोयीमुळे मालक आणि भाडेकरू एकदाही समोरासमोर न येता व्यवहार पूर्ण होऊ लागले आहेत. अशा वेळी चौकशीचे महत्त्व अधिक वाढते.

पोलीस पडताळणीची मर्यादा

दिल्ली, मुंबई, पुणे यांसह अनेक शहरांत भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक करणारे आदेश काढले जातात. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्याजागी लागू झाले आहे. आदेशाचे उल्लंघन केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार घरमालकावर कारवाई होऊ शकते. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि वेळोवेळी पुन्हा काढले जातात. त्यामुळे करार करताना आपल्या शहरात कोणता आदेश लागू आहे, याची खात्री पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर करून घेणे इष्ट. भाडेकरू परदेशी नागरिक असल्यास त्याच्या वास्तव्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन द्यावी लागते.

पोर्टलवर अर्ज भरल्यानंतर हाती येणारा कागद ही बहुतेकदा माहिती दिल्याची पोच असते. ते चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. प्रत्यक्ष पडताळणी झाली तरी पोलीस मुख्यतः गुन्ह्यांच्या नोंदी पाहतात. भाडे थकविणे, भिंती-नळांची नासधूस करणे किंवा मुदत संपल्यावर जागा न सोडणे हे बहुतांशी दिवाणी स्वरूपाचे वाद असतात. ते पोलिसांच्या नोंदीत सहसा दिसत नाहीत.

ओळखपत्र पाहणे आणि तपासणे

छापील आधार कार्डात फेरफार करणे अवघड नाही. म्हणून झेरॉक्स घेण्यापेक्षा कार्डावरील क्यूआर कोड प्राधिकरणाच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून नाव व छायाचित्र जुळते का, हे पाहणे अधिक खात्रीचे आहे. बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ भाडेकरू संकेतस्थळावरून डाउनलोड करून देऊ शकतो. ओळख पटविण्यासाठी ते पुरेसे ठरते आणि क्रमांकाच्या गैरवापराची शक्यता कमी होते. झेरॉक्स घेतलीच, तर तिच्यावर तारीख आणि “केवळ भाडेकरारासाठी” असे आडवे लिहून घ्यावे. अशी कागदपत्रे दलालाच्या मोबाइलमध्ये किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरू नयेत, याची जबाबदारी ती मागणाऱ्यावर येते.

माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी आणि संबंधिताच्या संमतीने वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मांडले आहे. पूर्वीचा मालक किंवा कार्यालय यांच्याकडे चौकशी करण्यापूर्वी भाडेकरूची लेखी संमती घेतल्यास पुढचा वाद टळतो. मोबाइलवरील एका संदेशानेही हे काम होते.

कोणत्या घरमालकाला विचारावे?

भाडेकरूकडे मागील दोन घरमालकांची नावे व दूरध्वनी क्रमांक मागावेत, केवळ आताच्या मालकाचे नव्हे. यामागे व्यवहारातील एक साधे कारण आहे. त्रास देणारा भाडेकरू लवकर जावा, अशी आताच्या मालकाची इच्छा असेल तर तो कौतुकच करील. त्याच्या आधीच्या मालकाचा आता कोणताही स्वार्थ उरलेला नसतो. त्यामुळे त्याच्या शब्दाला अधिक वजन द्यावे.

दिलेला क्रमांक खरोखर मालकाचाच आहे की एखाद्या मित्राचा, हे आधी पडताळावे लागते. त्यासाठी जुन्या कराराची प्रत मागता येते. महाराष्ट्रात करार नोंदणीकृत असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांकावरून शोध घेता येतो. कराराची प्रत नसल्यास जुन्या सोसायटीच्या सचिवाकडे किंवा व्यवस्थापकाकडे त्या सदनिकेच्या मालकाचे नाव विचारता येते.

दूरध्वनीवर बोलताना उत्तर आपणच पुरवू नये. “भाडे अठरा हजारच होते ना?” असे विचारले की पलीकडून “हो” एवढेच येते. “भाडे किती होते?” असे विचारले तर खऱ्या मालकाला आकडा ठाऊक असतो आणि बनावट मालक अडखळतो. भाडेकरूने आधी सांगितलेले आकडे व तारखा समोर लिहून ठेवाव्यात आणि मिळालेल्या उत्तरांशी ताडून पाहाव्यात.

विचारावयाचे प्रश्न फार नाहीत. घर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत दिले होते? भाडे किती होते आणि ते कोणत्या तारखेला जमा होत असे? उशीर झाला तर आधी कळविले जात असे का? प्रत्यक्ष किती माणसे राहत होती? सोसायटी किंवा शेजाऱ्यांकडून लेखी तक्रार आली होती का? जागा ठरल्या मुदतीत सोडली का? वीजबिल भरलेले होते का? अनामत रकमेतून काही कापून घ्यावे लागले का आणि कशासाठी? अखेरीस एकच प्रश्न : याच कुटुंबाला तुम्ही पुन्हा घर द्याल का? या प्रश्नावर उत्तरापूर्वी येणारा थांबाही बोलका असू शकतो.

एक प्रतिकूल अभिप्राय मिळाला म्हणून दार बंद करणे मात्र न्याय्य नाही. अनामत रक्कम परत करण्यावरून मालक आणि भाडेकरूंमध्ये वाद होणे नेहमीचे आहे आणि त्या रागाची छाया मालकाच्या बोलण्यावर पडू शकते. अशा वेळी भाडेकरूची बाजू ऐकावी आणि भाडे जमा केल्याचे बँक खात्यातील दाखले मागावेत. बारा महिन्यांच्या नोंदी वेळेवर असतील तर त्या कोणाच्याही तोंडी मतापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत.

नोकरी, उत्पन्न आणि उपलब्ध नोंदी

नियुक्तिपत्र किंवा वेतनचिठ्ठी संगणकावर तयार करता येते. त्यामुळे पत्रावर छापलेल्या क्रमांकावर विसंबून न राहता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर चौकशी करणे अधिक सुरक्षित. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या वेतनाची माहिती देत नाहीत. संबंधित व्यक्ती सेवेत आहे का, एवढेच त्या सांगतात आणि मालकाला तेवढेच पुरेसे असते. भाडेकरूने स्वतः उमंग अ‍ॅपवर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून दाखविले तर त्याची कंपनी दरमहा वर्गणी भरते का, हे लगेच स्पष्ट होते. व्यावसायिकांच्या बाबतीत प्राप्तिकर विवरणपत्राची पोच पाहता येते. बँक विवरण मागितल्यास वेतन आणि भाड्याच्या नोंदी सोडून इतर खर्च झाकण्याची मुभा द्यावी.

घरमालकाला दुसऱ्याचा क्रेडिट अहवाल परस्पर मिळविता येत नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. भाडेकरू तो स्वेच्छेने दाखवू शकतो. हा अहवाल कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या परतफेडीविषयी सांगतो. थकलेल्या घरभाड्याची नोंद त्यात सामान्यतः नसते, हे ध्यानात ठेवावे लागते.

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून जिल्हा न्यायालयांतील खटले शोधता येतात. येथे घाई घातक ठरते. एकाच नावाची अनेक माणसे असतात, तसेच खटला दाखल झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही. घटस्फोट किंवा वारसाहक्काच्या दाव्याचा भाडे भरण्याशी संबंधही नसतो. नाव जुळले तर भाडेकरूलाच विचारणे हा सरळ मार्ग होय.

पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांचे काय?

लातूरहून पुण्याला शिकायला आलेली विद्यार्थिनी किंवा पहिल्या नोकरीसाठी नागपूरहून हैदराबादला गेलेला तरुण यांच्याकडे पूर्वीचा घरमालक नसतोच. पूर्वेतिहास नाही, याचा अर्थ पूर्वेतिहास वाईट आहे असा होत नाही. अशा वेळी वसतिगृहाचे अधीक्षक, महाविद्यालयातील विभागप्रमुख, पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या घराचा मालक किंवा कार्यालयातील मनुष्यबळ विभाग यांचा संदर्भ घेता येतो. पालकांना करारात जामीनदार म्हणून घेणे हाही एक पर्याय आहे. अनेक मित्र मिळून राहणार असतील तर प्रत्येकाचे नाव करारात असणे आणि प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी होणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते. एकाच्या नावावर घर आणि राहणारे पाच, ही वादाची ठरलेली सुरुवात आहे.

काय विचारू नये?

जात, धर्म, प्रांत, आहार, वैवाहिक स्थिती यांचा भाडे वेळेवर भरण्याशी संबंध नाही. संविधानातील अनुच्छेद १५ मुख्यतः राज्यसंस्थेने करावयाच्या भेदभावास मनाई करतो. खासगी घरभाड्यातील सर्व प्रकारचा भेदभाव रोखणारा एकच सर्वंकष कायदा देशात नाही. मात्र काही बाबतींत कायदा सुस्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा या दोहोंनी संबंधित व्यक्तींना त्या कारणावरून भाड्याचे घर नाकारण्यास मनाई केली आहे.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने पूर्वसूचना देऊन कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करावयाची असते. त्यामुळे भाडेकरूची ‘मुलाखत’ घेऊन त्याचे खासगी आयुष्य तपासणाऱ्या समित्या आपल्या अधिकाराबाहेर जातात. पूर्वग्रह टाळण्याचा एक सोपा उपाय म्हणजे प्रत्येक इच्छुकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे आणि उत्तरे लिहून ठेवणे.

अभिप्राय देणाऱ्याची जबाबदारी

जुन्या भाडेकरूविषयी खरे बोलावे की नाही, अशी भीती अनेक मालकांना वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची व्याख्या करताना काही अपवादही दिले आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यांत येते. ज्याला सावध करावयाचे त्याच्या भल्यासाठी दिलेला इशाराही त्यांत येतो. म्हणून विचारणाऱ्यालाच आणि विचारले तेवढेच सांगणे हिताचे. “मार्च आणि एप्रिलचे भाडे जून महिन्यात मिळाले” हे विधान बँकेच्या नोंदीने सिद्ध करता येते. “माणूस लबाड आहे” हे विधान अडचणीत आणू शकते. तीच गोष्ट सोसायटीच्या गटावर नाव जाहीर करण्याची.

भाडेकरूनेही चौकशी करावी

फसवणूक एकाच बाजूने होत नाही. एकरकमी मोठी अनामत घेऊन कमी किंवा शून्य भाड्याने घर देण्याचे ‘हेवी डिपॉझिट’ व्यवहार मुंबई परिसरात होतात. त्यांत मालक नसलेल्याच माणसाने पैसे घेतल्याचे प्रकार घडले आहेत. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत राहिली आहे. एवढी रक्कम देण्यापूर्वी मालमत्ता कराचे देयक, वीजबिल, सोसायटीचा भागदाखला किंवा सूची क्रमांक दोन यांवरील नाव आणि समोरच्या माणसाचे ओळखपत्र जुळते का, हे भाडेकरूने पाहावे. घरावर कर्ज थकले असून बँकेची जप्तीची नोटीस आली आहे का, हेही सोसायटीत विचारता येते. शक्य असल्यास आधीच्या भाडेकरूला अनामत किती दिवसांत परत मिळाली, हे विचारून घ्यावे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांचे भाडे अशी सुचविली आहे. मात्र राज्यांनी तो स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही.

सैन्यदलात असल्याचे सांगून, घर न पाहताच भाडे ठरविणाऱ्या आणि “अनामत पाठवितो, हा कोड स्कॅन करा” म्हणणाऱ्या भामट्यांनी अनेक मालकांना लुबाडले आहे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे खात्यातून जातात.

चौकशीनंतर करार

चौकशी कितीही चांगली झाली तरी ती कराराची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. याउलट मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे.

इतर राज्यांत अकरा महिन्यांचे करार रूढ आहेत. नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही पद्धत पडली. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, हे बाहेरून आलेल्या अनेकांना ठाऊक नसते. वाद झाल्यास पाणी किंवा वीज तोडणे अथवा कुलूप बदलणे हा मार्ग मालकालाच कायद्याच्या कचाट्यात नेतो.

या साऱ्या चौकशीला फार तर एक दिवस लागतो. तो दिवस टाळण्याची घाई बहुधा दलालाला असते, कारण करार झाल्यावरच त्याला त्याची दलाली मिळते.

पुढच्या चौकशीची तयारी घर सोडण्याच्या दिवशीच करता येते. राहण्याचा कालावधी, भाडे वेळेवर दिले का आणि अनामतीपैकी किती रक्कम कोणत्या तारखेला परत केली, एवढा तपशील असलेले चार ओळींचे पत्र मालकाने सही करून भाडेकरूला द्यावे. भाडेकरूनेही ते मागून घ्यावे. नव्या शहरात, अनोळखी घरमालकासमोर, “माहितीतला माणूस” नसलेल्याला हे पत्रच उपयोगी पडू शकते.